पदर डोळ्याला

नागपूरच्या इतवारी बाजारात मोटार अडली ती मिरचीच्या पोत्यांनी लादलेल्या एका हातगाडीमुळे. घडलं म्हणायचं तर एवढंच घडलं. हातगाडीचं चाक नालीत गेलं होतं, हमाल एकमेकांच्या नावानं ओरडत होते, ड्रायव्हर बाबनराव भोंगा वाजवून वाजवून कंटाळला होता, आणि मागच्या सीटवर पडद्याआड देवखैरी संस्थानच्या राजमाता चंद्रकलादेवी नाकातोंडाला पदर लावून खोकला दाबत होत्या. राजमातेनं चारचौघांत खोकायचं नसतं. पण मिरचीला राजा काय आणि रंक काय. ती पडद्यातून आत आली आणि थेट घशात जाऊन बसली. जरा वारा यावा म्हणून आईसाहेबांनी पडदा दोन बोटं सरकवला, आणि त्या दोन बोटांच्या फटीत एक म्हातारा चेहरा येऊन थांबला. उन्हानं रापलेला, हनुवटीवर गोंदण, डोक्याला मळका लाल पदर. तो चेहरा आधी आईसाहेबांच्या डाव्या भुवईकडे बघत राहिला. तिथं एक जुनी खोक होती, तांदळाच्या दाण्याएवढी. मग तो म्हणाला, "मैने वं! तूच होय ना?"

आईसाहेबांचा खोकला जागच्या जागी थांबला. "काहून बोलून नाही राहिली?" म्हातारी आणखी जवळ आली. "मी पंची वं. पंचफुला. तुही बहीण. भिंतीवर तुहा फोटू पाह्यला, भोवई पाह्यली, म्हटलं हे माह्याच हातची खोक आहे." एकोणपन्नास वर्षांत आईसाहेबांना कुणी 'वं' म्हटलं नव्हतं. त्या एका अक्षरानं तोंड उघडलं. आणि तोंडातून आलं ते असं: "आम्ही आपल्याला ओळखलं नाही."

म्हातारीनं पापणीसुद्धा हलवली नाही. "अस्सं," ती म्हणाली. मग भाजीचा भाव सांगावा तशा साध्या आवाजात तिनं सांगितलं, "गुरवारपावतर इथंच आहो मी. या गोदामाच्या मांगं, सातऱ्यावर. मंग संध्याकाळच्या गाडीनं भिवापूरले जाईन." तेवढ्यात हातगाडीचं चाक नालीतून निघालं, बाबनरावनं गिअर टाकला, आणि चेहरा मागं राहिला. "पागल बुढी दिसते, आईसाहेब," बाबनराव आरशात बघून म्हणाला. आईसाहेबांनी पडदा ओढून घेतला. तो सोमवार होता.

घर म्हणजे रामदासपेठेतला बंगला. संस्थान विलीन झालं तेव्हा देवखैरीचा राजवाडा सरकारी कचेरीला गेला आणि राजघराणं नागपुरात आलं, त्याला आता नऊ वर्षं होत आली होती. मधल्या काळात नागपूरची राजधानीही गेली होती आणि शहराचा चेहरा जरा पडल्यासारखाच दिसत होता. आईसाहेबांना मनातल्या मनात त्या शहराबद्दल आपलेपणा वाटायचा तो बहुधा यामुळेच. बंगल्याच्या एका अंगाला डॉक्टर, दुसऱ्या अंगाला वकील. नऊ वर्षांत आईसाहेब दोघांपैकी कुणाच्याही उंबऱ्यात गेल्या नव्हत्या. जायचं तर आधी कळवायला हवं, मग त्यांनी फाटकापर्यंत सामोरं यायचं, बायकांनी ठेवणीतली लुगडी काढायची, आणि एवढा खटाटोप करून बोलायचं काय? डॉक्टरीणबाई संध्याकाळी ओसरीवर बसून वाटाणे सोलत, आणि वरच्या खिडकीच्या पडद्याआडून आईसाहेब ते वाटाणे बघत. हात शिवशिवत. पण राजमातेनं वाटाणे सोलायचे नसतात. सोलायला माणसं असतात, आणि त्या माणसांना ते नीट जमतही नाही.

त्या दुपारी दासी सत्यवतीनं ताट आणलं ते तसंच परत गेलं. पलंगावर बसून आईसाहेब स्वतःचंच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत होत्या. आम्ही आपल्याला ओळखलं नाही. खोटं बोलायचं तर माणूस घाबरतं, अडखळतं, काहीतरी विचार करतं. त्यांना तसलं काहीच करावं लागलं नव्हतं. वाक्य आधीच तयार होतं, कपाटात घडी करून ठेवलेल्या शालीसारखं. हात घातला आणि निघालं. ओळखलं तर त्यांनी तिला त्याच क्षणी होतं. भुवईवरची खोक हात लावून बघितली. सात-आठ वर्षांच्या पंचीनं चिडून पाटी फेकली होती, भांडण कशावरून झालं ते आता आठवत नव्हतं. रक्त बघून पंचीच जास्त रडली होती आणि मैनेलाच तिची समजूत घालावी लागली होती. मैना. हे नाव त्यांनी मनातसुद्धा घ्यायचं सोडून दिलं होतं, आणि आज ते इतवारीत, हमालांच्या आरडाओरड्यात, सहज हाक मारावी तसं कुणीतरी घेतलं होतं.

भिवापूरच्या मिरचीची आठवण म्हणजे आधी रंगाची. गावाबाहेर मिरच्या वाळवायच्या आणि खुडायच्या मोकळ्या मैदानाला तिकडे सातरा म्हणतात. माघात तो सातरा लाल होऊन जायचा, पार नजर पोचेल तिथवर, आणि त्या लालीत बायकापोरी बसायच्या, मिरचीचे देठ तोडत. बाप घराण्यातला होता, पण घराणं फक्त नावात उरलं होतं. बापाकडे कोरडवाहू जमिनीचा एक तुकडा आणि घरात दोन पोरी. सकाळी सातऱ्यावर बसवताना माय दोघींना एकच गोष्ट सांगायची, रोज, न चुकता: "डोयाले हात नोको लावजो वं." माय उठून पाण्याला गेली की पंची मायसारखाच आवाज काढून, कमरेवर हात ठेवून मैनेला सांगायची, "डोयाले हात नोको लावजो वं!" आणि दोघी हसून हसून लोळायच्या, आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं की ते पुसायचं कसं हा मोठा प्रश्न पडायचा. मग एकमेकींच्या डोळ्यांवर फुंकर घालायची. त्याखेरीज इलाज नव्हता.

देवखैरीच्या राजाच्या दोन राण्या मूल न होता वारल्या होत्या. ज्योतिषानं तिसरीसाठी नक्षत्र सांगितलं, दिशा सांगितली, कुळ सांगितलं. नक्षत्र जुळलं, दिशा जुळली, कुळही जुळलं. घर तेवढं जुळेना. त्यावर नागपुरातल्या महाल भागातल्या एका सरदारानं तोडगा काढला. मुलगी आधी कागदावर त्याची दत्तक कन्या झाली आणि मग राणी व्हायला मोकळी झाली. अट एकच होती. भिवापूरच्या माणसांनी पुन्हा कधी तोंड दाखवायचं नाही. कुणी विचारू नये म्हणून गावात सांगितलं की मैना पटकीनं गेली. बापानं तिचा दहावाही केला म्हणे. म्हणजे मैनेचा दहावा झाला त्या दिवशी मैना महालातल्या एका माडीवर बसून 'आम्ही' म्हणायला शिकत होती.

लग्न लागलं तरी वयात येईपर्यंत तिला सरदाराकडेच ठेवलं होतं, आणि शिकवायला त्याची विधवा आत्या होती. "मले भूक लागली," मैना म्हणायची. आत्या पंख्यानं वारा घेत बसून राहायची. "मले भूक लागली ना वं." आत्या जागची हलायची नाही. दुपार टळायची. "आम्हाला भूक लागली आहे" म्हटल्याशिवाय पान वाढलं जायचं नाही. अकरा वर्षांची मैना आधी भांडली, मग रडली, आणि मग तिनं अगदी खरा, प्रामाणिक प्रश्न विचारला: "आम्ही म्हणजे कोण कोण? मी तं एकटीच आहो इथं." आत्यानं तिच्या मुस्कटात दिली. त्या प्रश्नाचं उत्तर आईसाहेबांना अजून मिळालेलं नव्हतं. सगळा जन्म त्यांनी आम्ही आलो, आम्ही जेवलो, आम्हाला झोप येत नाही म्हणण्यात काढला होता, आणि त्या 'आम्ही'मध्ये दुसरं कुणी कधी येऊन बसलं नव्हतं.

आणि ते अश्रू. आईसाहेबांना त्यांचं कधी हसू यायचं, कधी संताप. सातऱ्यावरून उचलून मुलीला नागपुरात आणलं आणि तिसऱ्या दिवशी मुहूर्त होता. दुधानं हात धुतले, हळद लावली, अत्तर लावलं. पण मिरची दुधाला जुमानते होय? अंतरपाटाआड उभं असताना मैनेचे तळवे पेटलेले होते, आणि सांगायला माय नव्हती, पंची नव्हती. तिनं डोळे चोळले. झालं. मंगलाष्टकं संपेपर्यंत पोरीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाक लाल, पदर चिंब. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. दरबारच्या भाटानं तिथल्या तिथं जाहीर केलं की नववधू प्रजेच्या दुःखानं रडते आहे. पुढल्या वर्षी पाऊस चांगला झाला, मग काय विचारता! करुणामाता राणी चंद्रकलादेवी. दर दसऱ्याला सज्जात बसायचं, खाली माणसं जमायची, आणि राणीनं पदर डोळ्याला लावला की लोक तृप्त होऊन घरी जायचे. सुरुवातीला एक म्हातारी दासी रुमालात कांद्याची फोड ठेवायची. पुढे तिचीही गरज उरली नाही. नुसता पदर पुरे झाला. राजेसाहेब गेले तेव्हा आईसाहेब खरंच रडल्या, तीन दिवस, पोटातून. माणूस वाईट नव्हता. पण त्या रडण्यात वेगळं काही आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण दिसायला ते अगदी नेहमीसारखंच होतं. तेव्हापासून त्यांना पाणी असं आलंच नव्हतं.

मंगळवारी मनोहरराव आले. मुलगा एकच, चाळिशीचा, देखणा, आता निवडणुकीला उभा. बरोबर चंपतराव होते, त्यांच्या प्रचाराचं सगळं बघणारे. हा गृहस्थ वयानं मनोहररावांएवढाच, पूर्वी वर्तमानपत्रात होता, आणि त्याला माणसं दिसायच्या आधी मथळे दिसत. बैठकीच्या टेबलावर त्यानं ताजं पत्रक ठेवलं. वर आईसाहेबांचा हात जोडलेला फोटो, आणि खाली घराण्याची माहिती. त्यात मातुल घराणं म्हणून महालातल्या सरदारांचं नाव ठळक टाइपात. "गुरुवारची सभा आपल्यावर आहे, आईसाहेब," मनोहरराव म्हणाले. चंपतराव पुढे सरसावले. "आपल्याला बोलायचं काहीच नाही. मी शेवटी 'करुणामाता' हा शब्द उच्चारीन. तो शब्द आला की पदर डोळ्याला. बस." आईसाहेबांनी विचारलं, "आणि पाणी आलं नाही तर?" चंपतराव मनापासून हसले. "लांबून पाणी कुणाला दिसतं, आईसाहेब? पदर दिसला म्हणजे झालं."

त्याच वेळी सांगून टाकावं असं आईसाहेबांना वाटलं. मनोहरराव, तुमची मावशी इतवारीत मिरच्या खुडते आहे. वाक्य सोपं होतं. पण मावशी म्हटली की आजोळ आलं, आजोळ म्हटलं की सरदार खोटे, सरदार खोटे म्हणजे हे पत्रक खोटं, आणि टपून बसलेले विरोधक पोराला भरसभेत नागवं करणार. शेतकऱ्याची लेक असण्यात आता कमीपणा राहिला नव्हता. उलट दिवसच त्याचे होते. पण एकोणपन्नास वर्षं दुसऱ्याची लेक म्हणून मिरवल्यावर ते सांगायचं कुठल्या तोंडानं? "मनोहरराव," त्या म्हणाल्या. ते घड्याळ बघत होते. "काय, आईसाहेब?" "तुम्ही जेवलात का?" मनोहरराव जेवले होते. निघताना त्यांनी वाकून नमस्कार केला, नेहमीसारखा, पायांपासून चार बोटं अंतर ठेवून. या मुलाला त्यांनी दाईच्या हातून घेतलं आणि मास्तरांच्या हाती दिलं, मध्ये कधी त्याच्या डोळ्यांवर फुंकर घातल्याचं त्यांना आठवेना.

ते पायऱ्या उतरत असताना आईसाहेबांना ती युक्ती सुचली, आणि सुचल्याबरोबर त्यांना स्वतःचीच कीव आली. सख्ख्या बहिणीला भेटायचं तर साधं उठून जाता येत नव्हतं. राजमाता म्हणूनच जावं लागणार होतं. त्यांनी चंपतरावांना परत बोलावलं. "इतवारीत मिरचीच्या कामाला बाहेरगावच्या बायका येतात म्हणे. आम्हाला त्यांना भेटावंसं वाटतं. गुरुवारी सकाळी." चंपतरावांचे डोळे चमकले. इतकी उत्तम कल्पना आपल्याला कशी सुचली नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

बुधवारचा दिवस आईसाहेबांनी एक शब्द पाठ करण्यात घालवला. मले. दार लावून घेऊन, आरशासमोर नव्हे, आरशात राजमाता दिसायची, तर भिंतीकडे तोंड करून. मले माफ कर, पंचे. एवढंच म्हणायचं होतं. ओठ मिटून म आला की जीभ आपोआप मागं वळून आ शोधायची आणि आम्हाला होऊन बसायचं. बाहेर सत्यवती दाराशी घोटाळत राहिली. "आईसाहेब, कोनाशी बोलून राहिल्या? डॉक्टरले बलावू का?" आईसाहेबांनी तिला देवाचं म्हणत होतो असं सांगितलं. संध्याकाळपर्यंत एकदा, अगदी हळू, 'मले' आला. त्यांना इतका आनंद झाला की त्या रात्री त्या दोन घास जास्त जेवल्या.

गुरुवारी सकाळी गोदामामागच्या आवारात मोटार शिरली तेव्हा सातरा तसाच होता, लहान, चहूबाजूंनी भिंती असलेला, पण लाल. वीसेक बायका उन्हात बसल्या होत्या. "पोस्टरवरल्या राजमाता आल्या वं!" एक तरणी बाई ओरडली आणि सगळ्या धडपडून उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर ओढत. चंपतरावांनी खुर्ची आणवली होती. वर्तमानपत्राचा फोटोवाला आधीच येऊन कॅमेरा पुसत होता. आईसाहेब खुर्ची टाळून सरळ त्या लाल पदराकडे गेल्या. पंचफुलाही उभी राहिली होती. तिनं दोन्ही हात जोडले, मान लववली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चुकी झाली, आईसाहेब. त्या दिवशी बाजारात म्या तुमाले हाक मारली. तुमच्यासारखी दिसे माही बहीण, मैना नावाची. थे लहानपणीच गेली. म्हाताऱ्या माणसाले भरम होते. माफी असू द्या."

चंपतरावांनी कौतुकानं मान हलवली. आईसाहेबांच्या लक्षात आलं की ही आपल्याला वाचवते आहे. की शिक्षा करते आहे? चेहऱ्यावरून काही कळेना. पंचीचे डोळे लहानपणी असे नव्हते, ते लगेच सगळं सांगून टाकायचे. आता बोलायला हवं होतं. एवढ्या बायका, चंपतराव, फोटोवाला, असू देत, जगबुडी झाली तरी चालेल. त्यांनी तोंड उघडलं. कालचा शब्द जिभेवर अगदी टोकाला होता. "आम्हाला," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. पुन्हा प्रयत्न केला. "आम्हाला..." पंचफुला हात जोडून वाट बघत होती. सगळा सातरा वाट बघत होता. आत्या जिंकली होती. मरून चाळीस वर्षं झाली तरी पंख्यानं वारा घेत बसली होती.

मग त्यांनी बोलायचा नाद सोडला आणि त्या खाली बसल्या. एका रिकाम्या पोत्यावर, पंचीच्या समोर. बायकांत कुजबुज झाली, चंपतराव "आईसाहेब, खुर्ची—" म्हणेपर्यंत त्यांनी ढिगातून एक मिरची उचललीही होती. जीभ विसरली होती, पण बोटं विसरली नव्हती. अंगठ्याचं नख देठाच्या मुळाशी, एक हलकी पीळ, आणि बारीक आवाज करून देठ सुटला. दुसरी. तिसरी. पंचफुला जरा वेळ उभीच राहिली. मग तीही बसली आणि तिनं आपली टोपली दोघींच्या मधोमध सरकवली. दोघींच्या मिरच्या त्या एका टोपलीत पडू लागल्या. पंचीचा हात चौपट वेगानं चालत होता, नखं झिजून गेलेली, बोटांची टोकं चिरलेली. एकदा दोघींची बोटं टोपलीत एकमेकींना लागली. कॅमेऱ्याचा लखकन उजेड पडला. आईसाहेबांना तो कळलाही नाही. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"पुरे आता, आईसाहेब, ऊन झालं," चंपतरावांनी छत्री धरली. उठावं लागलं. गुडघे कुरकुरले, तरण्या बाईनं हात दिला. बाकीच्या पुन्हा उभ्या राहिल्या, पंचफुला मात्र बसूनच होती, मान खाली, हात चालू. आईसाहेब वळल्या, आणि पाठीमागून तो आवाज आला, हलका, शेजारच्या पोरीला सहज बजावावं तसा: "डोयाले हात नोको लावजो वं."

शेजारच्या पोरीनं मान डोलावली. तिला वाटलं, आपल्यालाच सांगितलं. आईसाहेब दोन पावलं थांबल्या. वळून 'नाही लावत वं' म्हणायचं होतं, तेवढंच. पण चंपतरावांची छत्री पुढे निघाली होती आणि छत्रीबरोबर राजमातेला चालावं लागतं.

मोटारीत चंपतराव खूश होते. खिशातून कागद काढून त्यांनी फोटोखालची ओळ वाचून दाखवली: "राजमाता चंद्रकलादेवी आपल्या कष्टकरी भगिनींसमवेत." आईसाहेबांनी कागद मागून घेतला. बराच वेळ त्या ती ओळ बघत होत्या. "यातला एक अनुस्वार काढा," त्या म्हणाल्या. "कुठला, आईसाहेब?" "भगिनींवरचा." चंपतराव गोंधळले. "मग ते भगिनीसमवेत होईल. एकच बाई होती असा अर्थ निघेल. तिथं तर वीस होत्या." "एकच होती," आईसाहेब म्हणाल्या. चंपतरावांनी मान हलवली, उन्हाचा त्रास झाला असावा असा अंदाज बांधला, आणि कागद घडी करून खिशात ठेवला, अनुस्वारासकट.

घरी सत्यवती ताक घेऊन धावली, हात धुवायला. आईसाहेबांनी हात धुतले नाहीत. दिवसभर तळवे पेटत होते, बोटांच्या पेरांत आग साचली होती, आणि त्या दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून बसून राहिल्या, कुणीतरी पाहुणं घरी आल्यासारख्या. दुपार कलली. पंची आता पोटलं बांधत असेल. इतवारी स्टेशनवर जाईल, छोट्या गाडीत खिडकीशी बसेल. भिवापूरला पोचल्यावर कुणाला काही सांगणार नाही. सांगेल तर काय सांगेल? मैना तर पटकीनं गेली.

सभा महालातल्या मैदानात होती. कोष्टीपुऱ्यातल्या बायका पुढच्या सतरंज्यांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. मंचावर उंच पाठीच्या खुर्चीत आईसाहेब, पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, हात मांडीवर. मनोहरराव बोलले, चांगले बोलले. लांबून, इतवारीच्या बाजूनं, गाडीची शिटी आल्यासारखी वाटली, असेल, नसेलही. मग चंपतराव लाउडस्पीकरसमोर आले. आवाज खाली आणत, चढवत, त्यांनी दुष्काळ आणला, पाऊस आणला, अंतरपाटाआडची ती अकरा वर्षांची नववधू आणली, आणि शेवटी तो शब्द उच्चारला: "करुणामाता!" पुढल्या बायकांनी आपापले पदर आधीच डोळ्यांशी नेले होते. सगळं मैदान मंचाकडे बघत होतं. "करुणामाता!" चंपतराव पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, आणि त्यांनी चटकन मागं वळून बघितलं. मनोहररावांनीही बघितलं. खुर्चीतल्या हातांची हालचाल नव्हती.

"रडून नाही राहिल्या वं," पुढच्या रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली. दुसरी म्हणाली, "म्हाताऱ्या झाल्या ना. पाणी सरलं असंल."

पाणी सरलं नव्हतं. ते आलं होतं, किती वर्षांनी, आपलं आपण, कांद्याविना, मिरचीविना, आणि दोन्ही गालांवरून खाली हनुवटीपर्यंत जात होतं. पण लांबून पाणी दिसत नाही, पदर दिसतो. आणि पदर काही वर गेला नाही. मनोहररावांनी खालच्या आवाजात "आईसाहेब" म्हटलं. चंपतराव घाम पुसत तिसऱ्यांदा तोच शब्द म्हणाले. हातांची आग आता कोपरापर्यंत चढली होती, डोळे चुरचुरत होते, आणि पुसावेत असं फार फार वाटत होतं. मैनेनं हात मांडीवरच ठेवले. पंचीनं सांगितलं होतं तिला.